व्हिडिओ गेमच्या मासिकांची उतरती कळा

एखाद्या परीक्षकानें वर्गांतील बहुतेक सर्व मुलांना शंभरांपैकीं सत्तर ते नव्वद या दरम्यान गुण देऊन टाकले, तर निकालाच्या दिवशीं घरोघर पेढे वाटले जातील हें खरें. परंतु त्या गुणपत्रिकेवरून हुशार मुलगा कोणता आणि सामान्य कोणता, हें मात्र कोणासहि सांगतां येणार नाहीं. परीक्षक उदार ठरेल, परीक्षा निरुपयोगी ठरेल. नेमकी हीच गोष्ट गेल्या चाळीस वर्षांत एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत घडून आली. तें क्षेत्र व्हिडिओ गेमचें, आणि ते परीक्षक म्हणजे त्या खेळांना वाहिलेलीं मासिकें. नातवंडें पडद्यासमोर बसून जे खेळ खेळतात त्यांचें परीक्षण करणारीं, त्यांना गुण देणारीं छापील मासिकें एके काळीं लाखांनीं खपत, ही गोष्टच पुष्कळ वडील मंडळींना नवीन वाटेल.

श्रीमंताच्या मुलाला अशा मासिकाची फारशी गरज नव्हती. गरज होती ती खाऊचे पैसे सांठवून खेळ विकत घेणाऱ्या मुलाला. १९८० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत 'स्पेक्ट्रम' नांवाच्या स्वस्त घरगुती संगणकावरचा खेळ साध्या कॅसेटवर विकला जाई, आणि चांगल्या खेळाला पांच ते दहा पौंड पडत. वेष्टनावरील चित्र पाहावें तों आंत राक्षस, किल्ले आणि उडतीं विमानें भरलीं आहेत असें वाटावें; प्रत्यक्ष खेळ लावावा तों पडद्यावर चार ठिपके इकडून तिकडे धांवत असावेत. एकदां उघडलेली कॅसेट दुकानदार सहसा परत घेत नसे. अशा वेळीं विकणारा आणि घेणारा यांच्यामध्यें उभें राहून, "बाळ, हा घेऊं नकोस," असें सांगणारें कोणी तरी हवें होतें. तें काम मासिकानें करावयाचें होतें.

या कामास १९८१ सालीं रीतसर आरंभ झाला. अमेरिकेंत आर्नी कॅट्झ, बिल कंकेल आणि जॉइस वर्ली या तिघांनीं 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हें नियतकालिक काढलें. त्याच सालच्या नोव्हेंबरांत इंग्लंडांत 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' निघालें. १९८३ सालीं अमेरिकेंतील हा सारा व्यापारच कोसळला आणि त्या तडाख्यांत पहिलें फार दिवस तगलें नाहीं. दुसरें मात्र २००४ पर्यंत छापलें जात होतें. आरंभींच्या अंकांत एक मौजेचा प्रकार असे. पानेंच्या पानें संगणकाच्या आज्ञावलींनीं भरलेलीं असत. वाचकानें त्या ओळी एकामागून एक स्वतःच्या हातांनीं टंकून काढाव्या, तेव्हां कोठें खेळ उभा राही. एक स्वल्पविराम चुकला कीं सारें मुसळ केरांत! कधीं कधीं पुढील अंकांत शुद्धिपत्र येई, कारण चूक वाचकाची नसून छापखान्याची असे. परंतु या खटपटींतून कित्येक मुलांना आज्ञावली रचण्याची गोडी लागली. मासिक वाचणें हा तेव्हां एक अभ्यासच होता.

या मासिकांचा खरा बहर पाहावयाचा तर श्रॉपशायर परगण्यांतील लडलो या जुन्या किल्ल्याच्या लहानशा गांवीं जावें लागतें. तेथें रॉजर कीन आणि ऑलिव्हर व फ्रँको फ्रे हे दोघे बंधु, अशा तिघांनीं टपालानें खेळ विकण्याचा उद्योग मांडला होता. त्या मालाच्या यादींतूनच १९८४ सालीं 'क्रॅश' हें मासिक जन्मास आलें, आणि पुढील वर्षीं 'झॅप ६४' हें त्याचें भावंड. विक्रेत्याच्या यादींतून निःस्पृह परीक्षक निर्माण व्हावा हें विलक्षणच म्हणावें लागेल. चालकांनीं युक्ति केली ती अशी, कीं परीक्षण करण्यासाठीं त्यांनीं गांवांतलीं शाळकरी मुलेंच बोलावलीं. एकेक खेळ अनेकांनीं खेळून पाहावा, आणि तिघांचीं मतें शेजारीं शेजारीं छापावीं, असा परिपाठ पडला. एकाला जो खेळ अप्रतिम वाटे तोच दुसऱ्यास कंटाळवाणा वाटे. त्यांच्यांत समेट घडवून आणण्याच्या भानगडींत संपादक पडत नसत. मुलांची भाषा ओबडधोबड होती आणि विनोद पुष्कळदां पोरकट होते, हें कबूल केलें पाहिजे. तरी पण त्यांना जाहिरातींचें सोयरसुतक नव्हतें. तीन मतें वाचून वाचकाला आपला स्वभाव कोणाशीं जुळतो हें चार अंकांत कळून येई, आणि मग तो त्या एकाच्या शब्दावर पैसे खर्च करी. ऑलिव्हर फ्रे यांनीं रंगविलेलीं मुखपृष्ठें तर कित्येकदां आंतल्या खेळांहून सरस असत.

पुढें १९९१ सालीं बाथ शहरीं 'अमिगा पॉवर' निघालें. या मासिकाचा बाणा कडक होता. शंभरांपैकीं पन्नास म्हणजे मध्यम, चाळीस म्हणजे मध्यमाहून कमी, आणि दहाच्या लायकीचा खेळ असेल तर त्यास दहाच द्यावयाचे, हें साधें गणित त्याच्या संपादकांनीं वाचकांस वारंवार समजावून सांगितलें. समजावून सांगावें लागलें, यांतच सारें आलें. कारण तोंपर्यंत इतर मासिकांत सत्तर गुण म्हणजे 'सामान्य' आणि साठ म्हणजे 'टाकाऊ' अशी रूढि पडून गेली होती. शून्यापासून पन्नासापर्यंतची अर्धी मोजपट्टी नुसती शोभेला उरली होती. खेळ तयार करणाऱ्या मंडळींस 'अमिगा पॉवर'चा हा हिशेब रुचला नाहीं. १९९६ सालीं मासिक बंद पडलें, तें मात्र त्या रोषामुळें नव्हे; ज्या संगणकाला तें वाहिलेलें होतें तो संगणकच मागें पडला.

गुणांची ही महागाई केवळ इंग्लंडांतलीच नव्हे. जपानांत १९८६ सालीं सुरू झालेल्या 'फामित्सु' या सुप्रसिद्ध नियतकालिकांत चार परीक्षक प्रत्येकीं दहांपैकीं गुण देतात आणि चाळिसांपैकीं बेरीज होते. पहिलीं बारा वर्षें एकाहि खेळास पुरे चाळीस मिळाले नाहींत. १९९८ सालीं 'झेल्डा' मालिकेंतील 'ऑकरिना ऑफ टाइम' या खेळाला ते प्रथम मिळाले, आणि त्या वेळीं ती एक मोठीच बातमी झाली. पुढें २००८ ते २०११ या अवघ्या चार वर्षांत दहांहून अधिक खेळांनीं चाळिसांपैकीं चाळीस पटकावले. खेळ सुधारले असतीलहि. परंतु इतके सारे निर्दोष खेळ एकदम कोठून उगवले, असा प्रश्न कोणासहि पडेल.

याचें मूळ परीक्षकांच्या दुष्टपणांत शोधणें अन्यायाचें होईल. मूळ आहे तें धंद्याच्या रचनेंत. छापील मासिक वाचकाच्या हातीं पडण्यापूर्वीं कित्येक आठवडे छपाईस जातें. खेळ दुकानांत आल्यावर विकत घेऊन परीक्षण लिहावयाचें म्हटलें तर तें महिना-दीड महिना शिळें होणार. म्हणून खेळ बाहेर पडण्याच्या आधींच त्याची प्रत हवी. आणि ती प्रत कोणाच्या हातीं? तर तो खेळ करणाऱ्या कंपनीच्या! परीक्षेची उत्तरपत्रिका परीक्षकास द्यावयाची कीं नाहीं हें विद्यार्थ्याच्या बापानें ठरवावें, तसला हा प्रकार. त्यांतच मासिकांची आपसांत अहमहमिका लागली. ज्याच्या मुखपृष्ठावर 'जगांत सर्वप्रथम' अशीं अक्षरें, त्याचा अंक अधिक खपे. शिवाय ज्या पानावर परीक्षण, त्याच्या समोरच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात.

२००४ सालीं 'ड्रायव्हर थ्री' या खेळाचें परीक्षण इंग्लंडांतील दोन मासिकांनीं इतरांच्या आधीं छापलें आणि दहांपैकीं नऊ गुण दिले. खेळ लोकांच्या हातीं आला तेव्हां त्यांतील दोषांची चर्चा सर्वत्र झाली आणि अन्य परीक्षकांनीं त्यास पुष्कळच खालीं बसविलें. लवकर प्रत मिळण्याच्या मोबदल्यांत गुण वाढविले, असा आरोप झाला. प्रकाशकांनीं तो नाकारला. आरोप खरा असो वा खोटा, वाचकाला तो सहज पटण्याजोगा वाटला, हेंच त्या मासिकांचें मोठें नुकसान होय. उलट, जो खरें बोलूं पाही त्याची गति काय होई, हें २००८ सालच्या आरंभीं उघड झालें. अमेरिकेंतील 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या मासिकाचे संपादक डॅन ह्सू यांनीं संपादकीयांत स्पष्ट लिहिलें, कीं प्रतिकूल मत छापल्यामुळें खेळ करणाऱ्यांपैकीं तिघांनीं आपल्या मासिकास खेळांच्या प्रती व माहिती देणें बंद केलें आहे. जानेवारी २००९ मध्यें तें मासिक बंद झालें. पुढें त्याचें पुनरुज्जीवन झालें, पण पहिला दरारा परत आला नाहीं.

याच मासिकाची एक जुनी गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 'स्ट्रीट फायटर टू' या खेळांत एक पात्र जिंकल्यावर शेंग लाँग याच्यावर मात करण्याची गोष्ट बोले. वस्तुतः तें जपानी भाषेंतील एका ठोशाचें नांव भाषांतरांत बिघडून झालेलें होतें. शेंग लाँग असा कोणी नव्हताच. १९९२ च्या एप्रिल महिन्याच्या अंकांत मासिकानें थट्टेनें छापलें, कीं सबंध खेळांत एकहि फटका न खातां शेवटच्या प्रतिस्पर्ध्याशीं फेऱ्यामागून फेऱ्या बरोबरींत सोडविल्या तर हा गुप्त गुरु प्रकट होतो. झालें! वाचकांनीं यंत्रांत नाण्यांमागून नाणीं टाकलीं, आणि अन्य नियतकालिकांनीं ती वार्ता खरी मानून उतरून घेतली. ती एप्रिलची थट्टा होती हें त्या सालच्या अखेरीस मासिकानें कबूल केलें. आज ही हकीकत हंसून वाचली जाते. परंतु त्या काळीं छापील शब्दावर मुलांचा विश्वास किती गाढ होता, याचें हें मापच आहे.

खप टिकविण्यासाठीं दुसरा उपाय निघाला तो भेटवस्तूचा. मुखपृष्ठावर कॅसेट चिकटवावयाची, पुढें फ्लॉपी, त्याहि पुढें सीडी. एकानें एक खेळ फुकट दिला कीं दुसऱ्यानें दोन द्यावे. कॅसेटी वाढत गेल्या, पानें घटत गेलीं. आणि अखेरीस मासिकावर भेट नसून भेटीवर मासिक चिकटविलें आहे असें दिसूं लागलें. हा मोह आपल्याकडेहि पोंचला होता. जर्मन 'चिप' मासिकाची भारतीय आवृत्ति मुंबईहून निघे. २००१ सालीं तिचेंच नांव 'डिजिट' झालें. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट मुंगीच्या पावलांनीं चालत असे त्या दिवसांत, त्यासोबतच्या सीडीवरील खेळांचे नमुने हेंच कित्येकांचें मुख्य आकर्षण होतें. त्याच घराण्यांतील 'स्कोअर' हें खेळांचें स्वतंत्र मासिक पुढें 'डिजिट'ची पुरवणी होऊन राहिलें.

तिसरी तऱ्हा म्हणजे खेळ करणाऱ्यानेंच मासिक काढणें. निन्टेंडो कंपनीच्या अमेरिकन शाखेनें १९८८ सालीं 'निन्टेंडो पॉवर' काढलें. त्यांत खेळांतील भुलभुलैयांचे नकाशे इतके सुबक असत कीं मुलें ते जपून ठेवीत. परीक्षण म्हणून मात्र त्याची किंमत जाहिरातीहून फारशी अधिक नव्हती. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे: तें कोणाचें अन्न खातें हें नांवावरूनच कळत असे. २०१२ च्या डिसेंबरांत त्याचा शेवटचा अंक निघाला.

इंटरनेटनें हीं मासिकें मारलीं असें सर्रास म्हटलें जातें. बातमी महिनाभर आधीं घरबसल्या फुकट मिळूं लागल्यावर ती विकत कोण घेणार, हें बरोबरच आहे. परंतु बातमी गेली तरी निवाडा उरला असता. ज्या घरीं न्याय मिळतो तेथें लोक उशीर सोसूनहि जातात. निवाड्यावरचा विश्वास आधींच उडाला होता, म्हणून बातमीबरोबर सारेंच गेलें. 'गेम इन्फॉर्मर' या अमेरिकन मासिकाचें उदाहरण बोलकें आहे. १९९१ सालीं तें खेळांच्या एका दुकानसाखळीनें सुरू केलें आणि पुढें 'गेमस्टॉप' या साखळीकडे आलें. २०१० च्या सुमारास त्याचे वर्गणीदार पन्नास लाखांच्या घरांत होते. कारण दुकानाचें सवलतीचें सभासदत्व घेतलें कीं अंक आपोआप घरीं येई. लेखक मंडळी कसबी होती, यांत शंका नाहीं. पण वाचक मासिकासाठीं पैसे देत आहे कीं सवलतीसाठीं, हें कळण्याचा मार्ग उरला नव्हता. दुकानांचा धंदा खालावला तसा २ ऑगस्ट २०२४ रोजीं मालकांनीं मासिक बंद केलें, आणि त्याच दिवशीं संकेतस्थळावरील वर्षानुवर्षांचें लेखन काढून तेथें निरोपाचा एक मजकूर तेवढा ठेवला. मार्च २०२५ मध्यें तें त्याच लेखकांसह पुन्हा उभें राहिलें. नवा मालक कोण? तर 'गन्झिला गेम्स' ही स्वतः खेळ तयार करणारी कंपनी. संपादकांच्या स्वातंत्र्यांत ढवळाढवळ होणार नाहीं, असें त्या वेळीं जाहीर करण्यांत आलें.

जुन्या अंकांना मात्र त्याच सुमारास नवा निवारा मिळाला. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें जानेवारी २०२५ मध्यें आपलें संगणकीय वाचनालय सर्वांस खुलें केलें; त्यांत बंद पडलेल्या मासिकांचे दीड हजारांहून अधिक अंक शब्द घालून शोधतां येतील असे ठेविले. इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहांत 'क्रॅश'चे अंकहि पानोपान पाहावयास मिळतात. लडलोचीं तीं मुलें आतां पन्नाशी ओलांडून गेलीं आहेत, ते खेळ आतां फारसें कोणी खेळत नाहीं, त्या कॅसेटींचें दुकान केव्हांच मिटलें आहे. पण पान उघडावें तर एका खेळाचीं तीन मतें अजून शेजारीं शेजारीं उभीं असतात. एक म्हणतो घ्या, दुसरा म्हणतो पैसे पाण्यांत जातील, तिसरा विचारांत पडलेला, आणि खालीं त्रेसष्ट टक्के कीं एकूणतीस, तें छापलेलें.