अलकनंदा : दक्षिण आकाशातील एक दीर्घिका



अमरकोशात स्वर्गंगेच्या नावांमध्ये मंदाकिनी आणि सुरदीर्घिका ही दोन नावे येतात. मंदाकिनी हे हिंदीत आपल्या आकाशगंगेचे नाव आहे; तर दीर्घिका हा शब्द मराठी खगोलशास्त्रात अशा सर्वच प्रचंड तारकासंघांना लावला जातो.

आपली आकाशगंगा ही दंडयुक्त सर्पिल दीर्घिका होय. मध्यभागी ताऱ्यांचा सरळ दंड आणि त्याभोवती वळत गेलेल्या भुजा, असे तिचे रूप आहे. अशी रेखीव सर्पिल आकृती सिद्ध होण्यास कित्येक अब्ज वर्षे लागत असली पाहिजेत, विश्वाच्या बाल्यावस्थेतील दीर्घिका ओबडधोबडच असणार, असे अनुमान दीर्घकाळ प्रचलित होते.

२०२५ साली या अनुमानाला पुण्याहून धक्का बसला. तेथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व प्रा. योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांत, शिल्पकार तारकासमूहातील एका दीर्घिकागुच्छामागे, एक सर्पिल दीर्घिका आढळली. आकाशाचा हा भाग कार्तिकातील रात्री ग्वाल्हेरहून दक्षिण क्षितिजाच्या वर सुमारे ३३ अंशांवर येतो. नुसत्या डोळ्यांस मात्र ती दीर्घिका दिसणे शक्य नाही. तिचा प्रकाश १२ अब्जांहून अधिक वर्षे प्रवास करून आला आहे. तो निघाला तेव्हा विश्वाचे वय अवघे दीड अब्ज वर्षे होते. तरीही तिला दोन सुडौल भुजा आहेत, आणि तिचा विस्तार सुमारे ३०,००० प्रकाशवर्षांचा आहे! मंदाकिनीची भगिनी म्हणून संशोधकांनी तिला अलकनंदा हे नाव दिले. या दोन नद्यांचा संगम रुद्रप्रयागी होतो, हे बदरी-केदारच्या यात्रेकरूंस सांगावयास नको.

पाठशाळेत तर्कशास्त्राचा विद्यार्थी बाधित हेतू शिकतो. ‘अग्नी उष्ण नाही, कारण तो द्रव्य आहे’, हे अनुमान स्पर्शाबरोबरच कोसळते. अलकनंदेची गोष्ट इतकी सोपी नाही. तिचे अंतर तरी कसे कळले? २१ पर्यंत प्रकाशगाळण्यांतून मोजलेल्या तेजावरून. म्हणजे तेही अनुमानच. तिच्या भुजा थंड वायू संथपणे स्थिरावून उमटल्या की शेजारच्या दीर्घिकेच्या ओढीने, हे ठरविण्यास तिच्यातील वायूच्या गतीचे वेध घ्यावे लागतात.

म्हणून एका दर्शनाने सारे शास्त्र खोटे ठरत नाही. परंतु जे दिसले ते नाकारून जुने मत राखणे, हाही शास्त्राचा धर्म नव्हे.