डेलियाचे कंद आणि त्यांची जपणूक



फाल्गुनाच्या सुमारास शहरातील कित्येक घरांच्या गच्चीवर एक देखावा दरसाल दृष्टीस पडतो. पौषात ज्या कुंड्यांतील फुले दाखविण्यासाठी आल्यागेल्यास आग्रहाने वर नेण्यात येत होते, त्याच कुंड्या आता एका कोपऱ्यात सारलेल्या असतात. पाने पिवळी पडलेली, खोड वाळू लागलेले. घरातील मंडळी म्हणतात, 'डेलिया संपला'. आणि एखाद्या दिवशी ती माती मिरचीच्या रोपांसाठी उपसली जाते. मातीबरोबर बाहेर आलेले गड्डे केराच्या टोपलीत जातात. वास्तविक त्या गड्ड्यांत पुढील हिवाळ्याची सारी फुले साठविलेली असतात. त्यांना आठ महिने जिवंत कसे राखावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

डेलिया मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील डोंगराळ प्रदेशाचा. १७८९ साली मेक्सिकोहून त्याचे बी माद्रिद येथील राजोद्यानाकडे रवाना झाले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिल्येस यांनी १७९१ मध्ये स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स डाल यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. त्याच्या मायभूमीत पाऊस उन्हाळ्यात पडतो व हिवाळा कोरडा जातो. पावसात झाड वाढते, फुलते. कोरड्या ऋतूत वरचा भाग वाळतो आणि जमिनीखालील गड्डे स्वस्थ पडून राहतात. म्हणजे या झाडाच्या विश्रांतीचा काळ हा मुळात कोरडा काळ होय. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप सुचतात.

इंग्रजी पुस्तकांतील पंचांग मात्र आपल्या उपयोगाचे नाही. तिकडे मे महिन्यात, हिमकणांचे भय सरल्यावर, लागवड करतात; शरद ऋतूत पहिल्या हिमाने पाने काळी पडली की गड्डे काढून थंडीपासून जपतात. आपल्या पुणे, सातारा, नाशिक या बाजूस सारे उलट आहे. येथे डेलिया थंडीत फुलतो. त्याची विश्रांती चैत्रापासून भाद्रपदापर्यंत. तीत आधी वैशाखाचे ऊन आणि मागाहून चार महिन्यांचा पाऊस. जेव्हा त्याला कोरडे राहावयाचे असते नेमका तेव्हाच आपल्याकडे वर्षाकाळ असतो. सारी अडचण येथे आहे.

कोणी म्हणेल, गड्डा गेला तर गेला, बी पेरावे. बी रुजते, फुलेही येतात. परंतु ती आईसारखी येत नाहीत. माणसात व बहुतेक प्राण्यांत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेतील डेलियात ते आठ असतात. इतक्या पत्त्यांचा डाव प्रत्येक बियात नव्याने पिसला जातो, म्हणून तोच रंग, तोच आकार पुन्हा हाती येत नाही. विशिष्ट डेलिया टिकवावयाचा असेल तर त्याचा गड्डा किंवा त्याच्या फुटीचे कलम, एवढे दोनच मार्ग उरतात. वेल्समधील कार्डिफ येथे फ्रेड ट्रेसेडर यांनी १९२४ च्या सुमारास 'बिशप ऑफ लँडॅफ' नावाचा लाल फुलांचा व काळपट पानांचा डेलिया निर्माण केला. तो आजही बागांतून फुलतो, याचे कारण गेली शंभर वर्षे कोणी ना कोणी त्याचे गड्डे दरसाल जपून ठेवीत आले. उलट, १८७२ साली मेक्सिकोहून हॉलंडला गेलेल्या पेटीची हकीकत सांगतात. पेटीतील सारे गड्डे वाटेत कुजले, एकच वाचला. आणि त्या एकापासून अणकुचीदार पाकळ्यांच्या 'कॅक्टस' जातीचा वंश वाढला. जे कुजले त्यांत काय होते, हे आता कोणालाच कळावयाचे नाही.

आता लागवडीकडे वळू. दहा ते बारा इंच तोंडाची कुंडी घ्यावी. तळाच्या भोकावर खापऱ्यांचे तुकडे पसरावे. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, थोडी जाड वाळू, मूठभर हाडांचा चुरा व तितकीच निंबोळी पेंड, असे मिश्रण पुरेसे होते. ताजे शेण कदापि घालू नये. आश्विनात पाऊस ओसरल्यावर रोप लावावे व काठी त्याच वेळी रोवावी. मागाहून रोवल्यास गड्ड्यांना इजा होते. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. मोठे फूल हवे असल्यास फांदीच्या टोकाची एकच कळी ठेवून शेजारच्या दोन काढून टाकाव्या. ऊन निदान पाच-सहा तास मिळावे. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाने माजतात, फुले कमी येतात आणि गड्डेही साठवणीत लवकर कुजतात.

माघ उलटला, फुले लहान येऊ लागली, की पाणी हळूहळू कमी करावे. एकदम तोडू नये. या काळात पानांतील अन्न खाली उतरून गड्डे पक्व होत असतात. पाने वाळल्यावर खोड जमिनीपासून चार-पाच बोटे ठेवून कापावे, आणि आठवड्याने कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढावा. खोड धरून उपटू नये. गड्ड्याची मान फार नाजूक असते. ती मुरगळली की बाहेरून धडधाकट दिसणारा गड्डाही निकामी होतो. खोड पोकळ असल्याने त्यात पाणी साचते. म्हणून जुडगा उलटा टांगून सावलीत सात-आठ दिवस सुकवावा. जखमी गड्डे कापून टाकावे आणि कापल्या जागी गंधकाची भुकटी लावावी. प्रत्येक जुडग्यास जातीचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी. सुप्तावस्थेत सारे डेलिया सारखेच दिसतात.

यानंतर साठवण. थंड देशांत गड्डे चार ते दहा अंश उष्णतामानात ठेवतात. तितका गारवा आपल्या घरात मिळत नाही. सावली व कोरडेपणा मात्र मिळू शकतो. लाकडी खोके किंवा मातीची कुंडी घेऊन तीत कोरड्या वाळूचा अथवा नारळाच्या कोरड्या भुशाचा थर द्यावा, त्यावर गड्डे एकमेकांस न लागतील असे मांडावे, वर पुन्हा थर द्यावा. प्लास्टिकची पिशवी किंवा घट्ट झाकणाचा डबा वर्ज्य. हे खोके उत्तरेकडील खोलीत, चुलीपासून दूर, पण ओल येणाऱ्या भिंतीपासूनही दूर, दोन विटांवर ठेवावे.

महिन्यातून एकदा ते उघडून पाहावे, आणि दोन ऋतूंत दोन निरनिराळ्या गोष्टी पाहाव्या. चैत्र-वैशाखात गड्डे सुरकुततात. फार सुरकुतल्यास वाळूवर हाताने पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. आषाढ-श्रावणात ते कुजतात. तेव्हा पाण्याचा थेंबही देऊ नये. बोट लावताच दबणारा व आंबूस वास येणारा गड्डा तत्काळ काढावा, नाहीतर शेजारचे त्याच वाटेने जातात. कोकणात व मुंबईस हवाच दमट असल्याने श्रावणात भुसा एकदा बदलणे हिताचे.

भाद्रपदात झोपमोड करावी. येथे एक समजूत दूर करणे अवश्य आहे. बटाट्याच्या अंगावर सर्वत्र डोळे असतात. डेलियाचा गड्डा हे जाडावलेले मूळ असून त्याच्या अंगावर डोळा नसतो. डोळे असतात ते जुन्या खोडाच्या बुडाशी. म्हणून जुडगा फोडताना प्रत्येक तुकड्याबरोबर खोडाचा एखादा डोळेदार अंश आलाच पाहिजे. एरवी गड्डा कितीही पुष्ट असला तरी त्यास अंकुर फुटत नाही. ओलसर वाळूत अर्धवट पुरून ठेवल्यास डोळे फुगून दिसू लागतात. फूट तीन इंचांची झाली की धारदार चाकूने कापून वाळूत लावावी. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. एका गड्ड्यापासून अशी चार-पाच रोपे सहज मिळतात.

त्यांतील एक रोप शेजारच्या घरी द्यावे, अशी माझी श्रोत्यांस विनंती आहे. हे केवळ सौजन्य नव्हे. एखाद्या श्रावणात आपले खोके भिजले, गड्डे गेले, तर आश्विनात त्याच जातीची फूट मागावयास आपणांस एक दार असते. घरात शाईने चिठ्ठ्या लिहिणारे मूल असल्यास चिठ्ठ्यांचे काम त्याच्याकडे सोपवावे आणि श्रावणातील तपासणीस त्यालाच जवळ बसवावे. यंदाच्या कुंड्या अजून कोपऱ्यात पडल्या असतील, तर माती उपसण्यापूर्वी एकदा हाताने चाचपून पाहा.