धूर, कायदा आणि उंबरठा
(व्याख्यानाचा संपादित अंश)



विडी-सिगारेट ओढणारा माणूस स्वतःच्या फुप्फुसांचा धनी आहे, हे क्षणभर मान्य करू. परंतु बंद खोलीतील हवेचा धनी कोण? सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी घालण्यामागील सारा विचार या एका प्रश्नावर उभा आहे.

जळत्या टोकातून निघणारा धूर सरळ खोलीत पसरतो. पंख्याने तो विरळ होतो, नाहीसा होत नाही. जपानमधील संशोधक ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतः कधीही धूम्रपान न केलेल्या नव्वद हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची पाहणी होती. ज्यांचे पती अतिधूम्रपान करीत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय अधिक आढळले. व्यसन एकाचे, शिक्षा दुसऱ्याला!

आपल्या देशात गोव्याने १९९७ सालीच याविषयी कायदा केला. १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, रेल्वे येथे देशभर बंदीचा आदेश दिला. जो ओढत नाही त्याने धुराचे दुष्परिणाम का सोसावेत, हा त्या निकालाचा गाभा होता. पुढे २००३ चा केंद्रीय कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी खासगी कार्यालये व कामाच्या जागाही त्याच्या कक्षेत आणल्या.

हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, असे कोणी म्हणतात. पण कायदा ओढण्यास मनाई करीत नाही. इतरांच्या श्वासात धूर मिसळण्यास करतो. स्वातंत्र्य आणि स्वैराचार यांतील रेषा येथे स्पष्ट दिसते.

तथापि कायद्यालाही फटी आहेत. तीस वा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना, तीस खोल्यांच्या हॉटेलांना आणि विमानतळांना स्वतंत्र धूम्रपान कक्षाची मुभा मूळ कायद्यातच आहे. तो कक्ष झाडणाऱ्या कामगाराच्या श्वासाचे काय? आयर्लंडने २००४ साली बंदिस्त कामाच्या जागी सरसकट बंदी घातली, ती प्रामुख्याने अशा कामगारांच्या रक्षणासाठीच.

दुसरी फट आपल्या स्वभावात आहे. तिचे नाव भीड. निषेधाचा फलक भिंतीवर असतो, तक्रार कोणाकडे करावी हेही त्यावर लिहिलेले असते. परंतु 'काका, जरा बाहेर जाता का?' एवढे विचारायला जीभ रेटत नाही. दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडाने जे साधत नाही, ते नम्रपणे विचारलेल्या या एका प्रश्नाने पुष्कळदा साधते.

आणि शेवटी घर. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराला सामोरे जावे लागत होते. तेथे पोलीस येत नाही, फलक लागत नाही. मांडीवरच्या नातवाला तर उठून जाण्याचीही सोय नसते. कायदा उंबरठ्याशी थांबतो. तेथून पुढे संस्काराचे काम सुरू होते. व्यसन सुटायला वेळ लागेल, पण पेटलेली विडी उंबरठ्याबाहेर ठेवणे आजच शक्य आहे. तेवढा निश्चय प्रत्येक घराने करावा.