जंगल राखणाऱ्यांचे श्रम



२० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात वाघांच्या खुणांची नोंद घेण्यासाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. तिच्यासोबत तीन वनमजूर होते. व्याघ्रगणनेचे आकडे प्रसिद्ध होतात, त्यांवर अभिमानाची भाषणे होतात. परंतु ते आकडे कोणाच्या पायपिटीतून गोळा झाले, हे कोणी विचारत नाही. समाजवादी विचाराच्या दृष्टीने मूळ प्रश्न हाच आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पाने जंगलाला कायद्याचे कुंपण घातले. प्रत्यक्षात हे कुंपण माणसांचे आहे. नियतक्षेत्रातील गस्त, पाणवठ्यांची देखरेख, जाळरेषा काढणे, वणवा विझवणे ही कामे वनरक्षक व वनमजूर करतात. त्यातून राखली जाणारी माती, पाणी व हवा बाजारात विकली जात नाही. म्हणून या श्रमांचे मोलही बाजार ठरवू शकत नाही. ते ठरवण्याचे दायित्व शासनाचे आहे.

पण शासन स्वतःच मालक झाले की काय घडते? पुण्याच्या पाचगाव पर्वती येथील वनीकरणाच्या कामावर मजुरांना वर्षानुवर्षे हंगामीच ठेवण्यात आले. ते न्यायालयात गेले, तेव्हा वनखाते हा उद्योगच नव्हे, असा बचाव शासनाने केला. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि अशा प्रकारे मजुरांना हंगामी ठेवणे ही १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याखाली अनुचित कामगार प्रथा ठरवली. हा विजय संघटित मजुरांच्या चिकाटीचा होता.

वनरक्षक आणि आदिवासी यांना परस्परांचे शत्रू मानण्याची चूक मात्र चळवळीने करू नये. वनमजूर बहुधा जंगलालगतच्या गावातलाच असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनसंरक्षणाचा अधिकार ग्रामसभेलाही दिला आहे. म्हणून ग्रामसभेचे हक्क आणि वनमजुराची कायम नोकरी, विमा, सुरक्षित निवारा या मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. जंगलालगतच्या प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागात किती वनमजूर रोजंदारीवर आहेत, याची यादी करण्यापासून या कामाला आरंभ करावा.