घर बघायला रात्री जा

माझी आई ९१ वर्षांची. स्मृतिभ्रंशात तिची हिंदी गेली, कन्नड गेलं, उरली ती मराठी. म्हणून बेंगळुरूत आम्ही अकरा वृद्धांचं छोटं घर निवडलं. तिथली एक सेविका बेळगावची. "आज्जी, जेवलासा काय?" म्हणते आणि आई तोंड उघडते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक सरकारी वृद्धाश्रमात किमान १५० निराधारांची सोय धरली आहे. आम्ही तिकडे जाणार नव्हतोच, पण दीडशेत आईची मराठी कोणी ऐकली असती?

मात्र गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला आई बाथरूममध्ये पडली. ड्यूटीवर एकच सेविका, तीही वरच्या मजल्यावर. पाऊण तास आई फरशीवर होती. खुब्याचं हाड मोडलं. फौजेत मी तीस वर्षं रात्रीचे पहारे तपासले. आईचं घर मात्र सकाळी अकराला पाहिलं, चहा-बिस्किटं खाल्ली आणि परतलो.

आई माझ्यावर अवलंबून, म्हणून ऑपरेशन ईसीएचएसमधून झालं. घराचा महिन्याचा खर्च त्यात बसत नाही. तो पेन्शनमधून जातो.

लोक विचारतात, मग आईला हलवलं का? नाही. रात्रीसाठी दुसरी सेविका ठेवायला लावली. तिचा पगार सगळी कुटुंबं वाटून देतात. दोघं अजून कुरकुरतात.

परवा रात्री साडेअकराला न कळवता गेलो. एक जागी होती. दुसरीला मी उठवलं.