हमालाच्या पाठीवरील उचल

घरसामान हलविणाऱ्या कंपनीचे नाव ट्रकवर ठळक अक्षरांत असते. सामान वाहणारा हमाल मात्र पुष्कळदा मुकादमाने आणलेला असतो. गुलामगिरी शिरते ती याच फटीतून. मुकादम गावी उचल देतो, मजुरीतून ती फिटत नाही आणि फिटेपर्यंत हमालाला दुसरीकडे जाता येत नाही. साखळदंडाची गरजच उरत नाही.

ब्रिटनने २०१५ च्या कायद्यान्वये ३ कोटी ६० लाख पौंड वा अधिक उलाढालीच्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन काढावयास लावले. आपल्या कामात व मालपुरवठ्याच्या साखळीत गुलामगिरी रोखण्यासाठी काय केले, ते त्यात सांगावयाचे. काहीच केले नाही, असे लिहिले तरी अट पुरी होते!

महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा अधिक खोलात जातो. अनुसूचीतील कामांसाठी मालक व हमाल दोघांनी मंडळाकडे नोंदणी करावयाची. मजुरी मालकाने मंडळात भरावयाची व मंडळाने हमालाला द्यावयाची. मधल्या हाताला पैसा लागत नाही. अर्थात नोंदणीच टाळली, तर हे सारे कागदावर राहते.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द झाले. ते वेठबिगारीचे नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीत करवून घेतलेले काम ही सक्तीची मजुरी होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. तेव्हा गावातून कामास जाणाऱ्याला सरपंचांनी, शिक्षकांनी विचारावे : उचल किती, हिशेब कोणाच्या वहीत, आधारकार्ड कोणाच्या खिशात? संशय आल्यास प्रकरण जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या दक्षता समितीकडे न्यावे.