कच्ची वही आणि पक्की वही
(संगणकातील नोंदींच्या सुरक्षिततेविषयी दुधनी येथील ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यासाठी भाषणाचा मजकूर)



नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीत उगम पावणारी दमणगंगा मधुबन येथे धरणाने अडविली गेली आणि तिचे पाणी दुधनीच्या अंगणापर्यंत येऊन पसरले. या जलाशयाखाली नगर हवेलीतील काही जमीन गेली. जेथे जमीन अशी हातची गेली, तेथे उरलेल्या जमिनीच्या नोंदीचे मोल विशेष असते. जलाशयाला वळसा घालून, दिवसाची मजुरी बुडवून एखादा वारली वा कोकणा शेतकरी वारसनोंदीसाठी कचेरीत येतो. संगणकावर बोटे फिरतात आणि "नोंद झाली" असे त्याला सांगितले जाते. ती खरोखर झाली काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

दुकानदार गर्दीच्या वेळी उधारी कच्च्या वहीत टिपतो आणि सायंकाळी सवडीने ती पक्क्या वहीत उतरवितो. त्यामुळे गिऱ्हाईक खोळंबत नाही. परंतु उतरविण्यापूर्वीच कच्ची वही भिजली, तर तो व्यवहार कायमचा नाहीसा होतो. संगणकातही अशा दोन वह्या असतात. मजकूर ५१२ किंवा ४०९६ बाइटांच्या ठराविक खंडांत कायम जतन करणारी तबकडी ही पक्की वही होय. तबकडीच्या यंत्रातच एक छोटी, अतिजलद स्मृती असते, तिला 'राइट कॅश' म्हणतात. ही कच्ची वही होय आणि वीज जाताच ती कोरी होते.

मग ती हवीच कशाला? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद लागतो. प्रत्येक लहान नोंदीसाठी योग्य जागा खाली येण्याची वाट पाहावी लागली, तर काम रेंगाळते. कॅश नोंदी क्षणात स्वीकारते आणि सोयीच्या क्रमाने तबकडीवर उतरविते. या पद्धतीस 'राइट बॅक' म्हणतात. उलटपक्षी, पक्क्या वहीत उतरल्याशिवाय "झाले" न म्हणणारी पद्धत 'राइट थ्रू' होय. पहिली वेगवान, दुसरी सावध.

या दोहोंचा मेळ घालणारी एक आज्ञा आहे, ती म्हणजे 'फ्लश'. कच्च्या वहीतील सर्व काही आधी पक्क्या वहीत उतरवा, मगच पुढे चला, असा तिचा अर्थ. चांगली नोंद-प्रणाली महत्त्वाच्या प्रत्येक व्यवहारानंतर ही आज्ञा देते आणि तबकडीचा होकार आल्यावरच "नोंद झाली" असे दर्शविते. तबकडी ही आज्ञा इमानाने पाळत असेल, तर कॅश चालू ठेवूनही झालेली नोंद सुरक्षित राहते. धोका निर्माण होतो तो वेगाच्या मोहाने ही आज्ञाच बंद केली असता.

विंडोज प्रणालीत डिव्हाइस मॅनेजरमधील डिस्कच्या 'पॉलिसीज' या पानावर दोन चौकटी आढळतात. पहिली कॅश चालू-बंद करते. दुसरी फ्लशची आज्ञा थांबविते. साध्या कार्यालयीन संगणकावर दुसऱ्या चौकटीत खूण कदापि करू नये. तबकडीला स्वतंत्र वीजपुरवठा असेल तेथेच ती करावी, अशी सूचना त्या चौकटीखालीच लिहिलेली असते. तबकडी फ्लश पाळते की नाही याविषयी शंका असेल, तर पहिली चौकटही मोकळी ठेवावी. काम थोडे मंदावेल, पण शब्द खोटा ठरणार नाही. लिनक्स प्रणालीत हेच काम 'एचडीपार्म' या साधनाने करता येते.

मोठ्या सर्व्हरमध्ये कॅशला आधार देणारी बॅटरी असते, तर काही घनस्थिती तबकड्यांत वीज धरून ठेवणारे संधारित्र असते. तेथे राइट बॅक निर्धास्तपणे वापरता येते. मात्र बॅटरी कालांतराने थकते, म्हणून तिची नियमित तपासणी व्हावी. बाहेरचे यूपीएस वीज गेल्यावर उपयोगी पडते, परंतु आतील बिघाडापासून ते वाचवू शकत नाही.

शिक्षकांनी पेन ड्राइव्हवरील गुणपत्रके जपताना हाच नियम पाळावा. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या साधनांसाठी 'क्विक रिमूव्हल' ही सावध पद्धत मूळचीच ठेवलेली आहे. तथापि, लेखन चालू असताना साधन उपसणे केव्हाही अनिष्टच. शिवाय कॅश कितीही नीट बसविली, तरी ती दुसऱ्या प्रतीची जागा घेत नाही. नोंदींची प्रत अन्यत्र ठेवलीच पाहिजे.

ग्रामस्थांनीही आपल्या परीने दक्ष राहावे. नोंद झाल्याचे कळताच छापील उतारा किंवा नोंद क्रमांक मागून घ्यावा. काम चालू असताना वीज गेली असेल, तर कर्मचाऱ्याने संगणक पुन्हा सुरू झाल्यावर शेवटच्या नोंदी उघडून पाहाव्यात आणि त्यानंतरच अर्जदारास निरोप द्यावा.

पावसाळ्यात दुधनीत वीज जाणे अटळ असेल, पण तिच्यासोबत कोणाची नोंद जाणे अटळ नाही. कच्ची वही कामाच्या सोयीसाठी असते. लोकांना शब्द द्यावयाचा तो पक्क्या वहीवर हात ठेवूनच.